कात्रजचा घाट

मराठी शिकवणाऱ्या माणसाने कात्रजला राहू नये. कोणत्याही समारंभात पत्ता सांगितला की समोरचा हटकून डोळे मिचकावतो आणि विचारतो, "काय सर, आम्हांला घाट दाखवताय की काय?" मग मी वर्गात सांगतो तीच कथा पुन्हा सांगतो. १६६३ साली लाल महालात शाएस्तेखानाची बोटे छाटून महाराज निसटले, तेव्हा म्हणे बैलांच्या शिंगांना पलिते बांधून त्यांना कात्रजच्या घाटात पिटाळले. मोगल फौज उजेडाच्या मागे धावली, आणि महाराज भलत्याच वाटेने सिंहगडाकडे गेले. तेव्हापासून फसवणुकीला आमच्या गावाचे नाव चिकटले. वास्तविक याच कात्रजच्या तलावातून नानासाहेब पेशव्यांनी शहराला पाणी दिले. आजही निम्म्या पुण्याच्या चहात कात्रज डेअरीचे दूध असते. पण कृतज्ञतेचा वाक्प्रचार काही झाला नाही!

हा घाट एके काळी थेट विलायतेत जाऊन पोहोचला, आणि तोही फुटबॉलच्या मैदानात. आज सांगायची आहे ती ही हकीकत.

कात्रजहून देहूरोडकडे जो बाह्यवळण रस्ता जातो, तो नवले पुलाच्या पुढे सिंहगड रस्त्याला ओलांडतो. त्या सिंहगड रस्त्यावर वेंकीज म्हणजे व्यंकटेश्वरा हॅचरीज यांची कचेरी आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ साली सुरू केलेला हा कोंबड्यांचा धंदा. अंडी खाण्याचा आग्रह करणाऱ्या दूरदर्शनवरच्या जाहिराती ज्या संस्थेच्या, ती राष्ट्रीय अंडी समन्वय समितीही त्यांच्याच पुढाकाराने १९८२ साली निघाली. रावसाहेब १९९६ साली गेले. पुढे २०१० च्या नोव्हेंबरात त्यांच्या मुलांनी इंग्लंडमधला ब्लॅकबर्न रोव्हर्स हा फुटबॉल क्लब विकत घेतला.

क्लब साधासुधा नव्हे. जन्म १८७५ चा. १८८८ साली इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली तेव्हाच्या मूळ बारा संघांपैकी एक. सहा वेळा एफ. ए. कप जिंकलेला, आणि १९९५ साली तर ॲलन शिअररच्या चौतीस गोलांच्या बळावर मँचेस्टर युनायटेडच्या नाकावर टिच्चून प्रीमियर लीगचा विजेता. असा क्लब आमच्या सिंहगड रस्त्याच्या मालकीचा झाला, याचा मला त्या वेळी कोण अभिमान वाटला! वास्तविक त्यात माझे कर्तृत्व एवढेच, की मी कोपऱ्यावरच्या दुकानातून आठवड्याला डझनभर अंडी आणत असे.

२०११ च्या ऑक्टोबरात ब्लॅकबर्नचा संघ पुण्यात आला आणि बालेवाडीला पुणे एफ. सी. बरोबर मैत्रीचा सामना खेळला. माझा भाचा तेव्हा डॉक्टरी शिकत आमच्याकडेच राहत होता. आम्ही मामा-भाचे स्कूटरवरून वारजे, चांदणी चौक करत बालेवाडी गाठली. पाहुण्यांनी तीन गोल केले, आमच्यांना एकही करता आला नाही. भाचा घसा बसेपर्यंत ओरडला. कोणत्या बाजूने ते मला शेवटपर्यंत कळले नाही. दोन्ही संघ पुण्याचेच की!

पण तिकडे घडी बिघडत चालली होती. नव्या मालकांनी महिन्याभरातच सॅम ॲलरडाइस या मुरलेल्या व्यवस्थापकाला निरोप दिला, आणि संघ घसरणीला लागला. २०१२ च्या मे महिन्यात विगनविरुद्ध घरच्या मैदानावर हरून तो प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. त्या सामन्यात कोणीतरी निषेध म्हणून क्लबचा झेंडा पांघरलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. इकडे वर्तमानपत्रात ते छायाचित्र पाहून लोक हसले. मीही हसलो, खोटे कशाला सांगू?

ते हसू २०१७ साली जिरले. भाचा ब्लॅकबर्नच्या एका इस्पितळात नोकरीला लागला. पहिल्याच आठवड्यात एका वृद्ध रुग्णाने सहज विचारले, "डॉक्टर, तुम्ही मूळचे कुठले?" हा अभिमानाने म्हणाला, "पुण्याचा." म्हातारा काही बोलला नाही. नुसता भिंतीकडे तोंड करून निजला.

"मामा," भाचा फोनवर म्हणाला, "इथल्या लोकांना वाटतंय, आपण त्यांना कात्रजचा घाट दाखवला."

"मग आता तू काय सांगतोस?"

"मुंबईजवळचा म्हणून सांगतो."

वाचकहो, पुण्याच्या माणसावर याहून वाईट वेळ कोणती येणार?

पण त्या लोकांचे तरी काय चुकले? ब्लॅकबर्न हे कापडगिरण्यांचे गाव. एके काळी तिथले माग हिंदुस्थानसाठी धोतरे विणत. आपल्या पणजोबांच्या निऱ्या कदाचित तिथूनच आलेल्या असतील. मग आपण स्वदेशीचे व्रत घेतले, १९०५ साली पुण्यातच विदेशी कापडाची होळी केली. पुढे १९३१ साली खुद्द गांधीजी शेजारच्या डार्विनला जाऊन तिथल्या बेकार कामगारांना भेटले आणि त्यांनी महात्माजींचे प्रेमाने स्वागत केले. गिरण्या गेल्या. उरले ते ईवुड पार्क, १८९० पासूनचे त्यांचे मैदान. आजा नातवाला शनिवारी जिथे घेऊन जातो ती जागा. तीही हिंदुस्थानी लोकांच्या हातात गेली, आणि वर संघ खाली! मालक दरवर्षी पदरचे पैसे घालून तोटा भरतात हे खरे. पण पैसे भरणारा माणूस शनिवारी शेजारी बसलेला दिसत नाही, हेही खरेच.

भाचा रुजू झाला तेव्हा क्लबने नुकताच तळ गाठला होता. २०१६-१७ च्या हंगामात एकावन्न गुण मिळवूनही निव्वळ गोलफरकाने तो तिसऱ्या श्रेणीत ढकलला गेला. प्रीमियर लीग जिंकलेल्या कोणत्याही क्लबवर तोवर अशी पाळी आली नव्हती. नव्या हंगामाचा पहिला सामना साउथएंडला हरले. दुसरा घरी, डॉनकास्टरकडून एकास तीन असे हरले. भाचा म्हणाला, "आता कर्नाटकातला म्हणून सांगू का?"

त्या वर्षी आमच्या घरचा शनिवार बदलला. तिथला दुपारी तीनचा सामना म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात, थंडीत साडेआठ. जेवणाच्या ताटाशेजारी मोबाइल ठेवून मी आकडे बघत बसे. सौभाग्यवती म्हणत, "निबंधांचे गठ्ठे तसेच पडलेत, आणि तुम्हांला कुठल्या रॉचडेलची काळजी!" पण टोनी मोब्रे या शांत व्यवस्थापकाने संघ हळूहळू सावरला. ब्रॅडली डॅक नावाचा पोरगा गोलांमागून गोल करू लागला. शेहेचाळीस सामन्यांत अवघे सहा हरले, त्यांतले दोन तर अगदी आरंभीचे.

२४ एप्रिल २०१८, मंगळवार. त्याच डॉनकास्टरच्या मैदानावर सामना. जिंकले तर वर! आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली. गच्चीवरून घाटातल्या ट्रकांचे दिवे एकामागे एक चढताना दिसत होते, थेट ते पलितेच. ऐंशी मिनिटे झाली तरी गोल नाही. आणि मग, दोनला थोडा अवकाश असताना, चार्ली मलग्रू या स्कॉटिश बचावपटूने चेंडू जाळ्यात घातला. एक-शून्य. मी इतक्या मोठ्याने ओरडलो की खालच्या मजल्यावरचे गृहस्थ काठी घेऊन बाहेर आले. त्यांना वाटले, चोर शिरला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाच्याचा फोन आला. तोच म्हातारा तपासणीला आला होता, गळ्यात निळापांढरा मफलर घालून. आपण होऊन म्हणाला, "पुण्याचे ना तुम्ही? पुण्यात कुठे?"

"कात्रज," भाचा म्हणाला.

"म्हणजे काय आहे तिथे?"

"विशेष काही नाही. डोंगरातला एक रस्ता आहे," असे म्हणून भाच्याने त्याचा रक्तदाब मोजायला घेतला.