तळ सोडून

बॅरलमधून टाकीत डिझेल उतरवायचे काम निघाले की सगळी चर्चा पहिल्या अर्ध्या मिनिटाभोवती फिरते. नळी तोंडाने ओढायची, रबरी फुगा दाबायचा, झटके देऊन चालू होणारी पितळी तोंडाची नळी घ्यायची, की सरळ बारा व्होल्टचा पंप लावायचा? शिकायला येणारी पोरेही हेच विचारतात आणि जुने हातही एवढेच शिकवतात. माझे म्हणणे असे की सुरुवातीचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. न सुटलेला प्रश्न बॅरलच्या तळाशी आहे. ओढते टोक तळापासून किती वर ठेवायचे आणि प्रवाह कधी तोडायचा, यातच या कामाचे कसब आहे. सायफन चालू करणारे गल्लोगल्ली भेटतात, वेळेवर बंद करणारे फार थोडे. जुन्या इंजिनांच्या काळात हा फरक फारसा कुणाला जाणवत नव्हता. आता तो जाणवतो, आणि त्याची किंमत गाडीचा मालक भरतो.

सुरुवातीचे तेवढे उरकून टाकतो. तोंडाने ओढणे बंद करा. डिझेल, रॉकेल, पेट्रोल यांपैकी काहीही घशात गेले तर पोटापेक्षा मोठा धोका फुप्फुसाला असतो. हे द्रव पातळ असतात, श्वासाबरोबर थोडेसे जरी आत गेले तरी भराभर पसरतात आणि न्यूमोनियासारखा आजार होतो. म्हणूनच अशा माणसाला उलटी करवायची नाही, सरळ दवाखान्यात न्यायचे. उलटीबरोबर तेच द्रव पुन्हा श्वासनळीत उतरण्याची भीती असते. पर्याय सोपे आहेत. नळीचे वेटोळे पूर्ण बुडवून भरून घ्यावे, बाहेरचे टोक अंगठ्याने दाबून खाली आणावे. वेटोळे आत जात नसेल तर होडीच्या आउटबोर्ड इंजिनाला असतो तसा फुगा नळीत बसवावा. तरीही तोंडाची सवय सुटत नाही, कारण तिच्यामागे गरजेपेक्षा अभिमान आहे. एका श्वासात खेचायचे आणि डिझेल ओठांपासून वीतभर अंतरावर असताना नळी काढायची, याला आमच्यात हाताची सफाई म्हणतात. हा अभिमान मी चांगला ओळखतो, कारण तो माझ्यातही आहे. चार माणसे बघत असली की साधन बाजूला ठेवून नुसत्या नळीने काम करून दाखवण्याची इच्छा अजून उठते. पण त्या इच्छेचा डिझेलच्या शुद्धतेशी काडीचाही संबंध नाही.

शुद्धतेचा संबंध तळाशी आहे. डिझेल पाण्यापेक्षा हलके, त्यामुळे आत गेलेले पाणी खाली बसते. ते आत जाते कसे, हे ज्याने बॅरल उघड्यावर उभे ठेवले आहे त्याला समजले पाहिजे. पावसाचे पाणी वरच्या झाकणाच्या कडेत साचते. दिवसा तापलेले बॅरल रात्री किंवा एखाद्या सरीने गार झाले की आतली हवा आकसते आणि बूच कितीही घट्ट वाटले तरी आट्यांमधून ते पाणी थोडे थोडे आत ओढले जाते. कोकणात तर पाऊस नसला तरी हवाच पाणी धरून असते. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात नांगरलेल्या नौकांच्या अर्ध्या भरलेल्या टाक्या आतून घामेजतात आणि तो घाम ओघळून तळाला जातो. मग पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना भिडतात तिथे जंतू वाढतात, काळपट बुळबुळीत थर धरतो, त्यात पत्र्याचा गंज मिसळतो. वरून पाहिले तर डिझेल निवळशंख असते. बुचातून डोकावून, वास घेऊन ‘माल चांगला आहे’ म्हणणारा माणूस फक्त वरच्या थराबद्दल बोलत असतो.

जुन्या ट्रॅक्टरचा पंप आणि नॉझल थोडी घाण सोसून घेत. इंजिन धूर सोडी, आचके देई, आपण हवा काढली की पुन्हा चालू होई. १ एप्रिल २०२० पासून गाड्यांना धुराचे बीएस-६ निकष लागू झाले, ५० अश्वशक्तीवरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून तसेच ट्रेम-४ निकष लागू झाले, आणि कॉमन रेल इंजिन शेतापर्यंत पोहोचले. त्यातल्या इंजेक्टरच्या फटी काही मायक्रॉनच्या आणि दाब हजार बारच्या वर. तिथे पाण्याचा थेंब म्हणजे गंज आणि कणभर गाळ म्हणजे ओरखडा. नळीने डिझेल भरण्याची रीत मात्र जुन्या ट्रॅक्टरच्या काळातलीच राहिली आहे. हात बदलायला हवा होता, तो बदलला नाही.

पंपवाले म्हणतील की हे सगळे सायफनचे रडगाणे आहे, मोटार लावा आणि मोकळे व्हा. मला पंपाचे वैर नाही. शेकडो लिटर रोज हलवायचे असतील तर पंपच हवा. पण थोड्या कामासाठी सायफनमध्ये एक गुण आहे, जो पंपात नाही: तो आपोआप मंदावतो. दोन पातळ्यांमधला फरक हाच त्याचा जोर. बॅरल उतरत जाते, टाकी चढत जाते, फरक घटतो आणि धार बारीक होते. म्हणजे डिझेलची पातळी गाळाच्या जवळ येते नेमके तेव्हाच वेग कमी झालेला असतो. हे महत्त्वाचे का, तर खालचा थर टोकाला टेकला तरच वर येतो असे नाही. ओढ जोरात असेल तर तो शंकूसारखा वर उचलला जाऊन नळीत शिरतो. पंप पहिल्या लिटरला जितक्या जोराने ओढतो तितक्याच जोराने शेवटच्या लिटरला ओढतो. शिवाय त्याचे फिरते पाते पाणी आणि डिझेल घुसळून एकजीव करते आणि तसे पाणी लवकर खाली बसत नाही. झटक्याने चालू होणाऱ्या पितळी नळीबद्दलही माझी तक्रार हीच आहे. तिच्यातली गोळी नाचवण्यासाठी तोंड खालीवर हलवावे लागते. घाईचा हात ते थेट तळावर आपटतो, आणि काम सुरू होण्याआधीच तळ ढवळला जातो. सुरुवात सोपी करण्यासाठी बनवलेल्या या साधनाने शेवट बिघडवला.

मी सांगतो ती रीत अशी. बॅरल आदल्या दिवशीच जागेवर आणून एका बाजूला वीट देऊन कलते ठेवावे, म्हणजे पाणी आणि गाळ एका कोपऱ्यात जमतो. आणल्या आणल्या हिंदकळलेले डिझेल उतरवू नये. नळी मोकळी न सोडता सरळ काठीला बांधावी. काठी तळाला टेकेल आणि नळीचे टोक तिच्यापेक्षा दोन-तीन इंच वर राहील असे. मोकळी नळी वेटोळ्याच्या सवयीने वळते आणि टोक कुठे आहे ते कळतच नाही. काठी कलत्या बॅरलच्या उंच बाजूने उतरवावी. टोक बुचाने बंद करून बाजूंना भोके पाडली तर ओढ खालून न होता आडवी होते, हे मला सर्वांत पटलेले आहे. नळी पारदर्शक हवी, पण गवंड्याची लेव्हल पाइप नको. इंधनात ती काही दिवसांत पिवळी पडून कडक होते. नायट्राइल रबराची नळी घ्यावी आणि मध्ये हातभर पारदर्शक तुकडा जोडावा. टाकीतले सोडते टोक मात्र तळापर्यंत न्यावे, म्हणजे धार वरून आपटत नाही, फेस होत नाही आणि स्थिर वीज कमी साठते. थांबवताना चुकतात ते इथे: बहुतेक जण टाकीतले टोक उचलतात. ते बॅरलमधल्या डिझेलच्या पातळीवरून वर गेले की नळीतले डिझेल उलटे धावते आणि तळाचा गाळ उडवते. ओढते टोक आधी डिझेलच्या वर काढावे, नळी टाकीत रिकामी होऊ द्यावी.

यावर सर्वांत खरा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. दोनशे लिटरच्या बॅरलचा आतला व्यास सुमारे ५७ सेंटिमीटर. म्हणजे उभ्या बॅरलमध्ये एक सेंटिमीटर उंचीला अडीच लिटर डिझेल. पाच सेंटिमीटर तळ सोडला तर साडेबारा लिटर झाले. लहान शेतकऱ्याला किंवा होडीवाल्याला एवढे सोडून द्या असे सांगणारा माणूस त्याचा हितचिंतक वाटणार नाही. पण सोडणे म्हणजे फेकणे नव्हे. राहिलेले डिझेल वेगळ्या नळीने पारदर्शक कॅनमध्ये काढावे आणि दोन-चार दिवस स्थिर ठेवावे. पाणी आणि गाळ खाली स्वच्छ रेषेने वेगळा दिसतो. वरचे पुन्हा त्याच रीतीने काढून, बारीक गाळणीतून घेता येते. बॅरल कलते ठेवले असेल तर शेवटी टाकून द्यावे लागते ते बहुधा तांब्याभर. ज्याला कोरडे ठाक बॅरल दाखवण्यात समाधान वाटते तो मालकाचे बारा लिटर वाचवत नाही, फक्त तो तांब्याभर गाळ टाकीत हलवतो.

दुसरा आक्षेप: गाडीला फिल्टर आहे, पाणी वेगळे करणारी वाटी आहे, मग एवढा सोस कशाला? फिल्टर नजरचुकीसाठी असतो, रोजच्या सवयीसाठी नाही. वाटीत मावते ते थोडे पाणी. ती भरली आणि कुणी पाहिली नाही की पुढचे पाणी इंजेक्टरकडे जाते. बुळबुळीत थर फिल्टरच्या कागदावर बसला की इंजिन भर कामात दम सोडते, आणि समुद्रात किनाऱ्यापासून दूर असताना दम सोडणे म्हणजे काय ते नौकेवाल्याला समजावून सांगावे लागत नाही. तिसरा आक्षेप मात्र मला मान्य आहे: डिझेलच्या गाडीत पेट्रोल भरले गेले तर तळ सोडून कसे चालेल? नाहीच चालणार. पेट्रोल आणि डिझेल एकमेकांत पूर्ण मिसळतात, थर उरत नाही, तिथे सगळेच बाहेर काढायला हवे. पण ते काम उतरवण्याचे नाही, रिकामे करण्याचे आहे. ते भरण्याच्या तोंडातून नळी घालून होतही नाही. डिझेलचोरीमुळे तोंडाशी जाळ्या आल्या, गाडी उलटली तर इंधन सांडू नये म्हणून झडपा आल्या. तिथे तळाचा बोल्ट किंवा टाकीतल्या पंपाचे झाकण उघडणे हाच मार्ग. दोन्ही कामांना ‘नळी लावणे’ म्हणायची सवय लागल्यामुळे एकाची रीत दुसऱ्यात घुसली आहे.

पेट्रोलने या सगळ्या विचाराला नवे वळण दिले. वीस टक्के एथेनॉलचे पेट्रोल फेब्रुवारी २०२३ पासून विक्रीला आले आणि आता ते सर्वत्र आहे. एथेनॉल पाण्याला जवळ करते, त्यामुळे थोडे पाणी तळाला न जाता पेट्रोलमध्येच मुरते आणि दिसत नाही. ते एका मर्यादेपलीकडे गेले, किंवा थंडीने ती मर्यादा खाली आली, की एथेनॉल आणि पाणी हातात हात घालून खाली उतरतात. इथे ‘तळ सोडा, वरचे घ्या’ हा माझा नियम अपुरा पडतो, कारण वरच्या पेट्रोलमधले एथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही उतरलेला असतो. वरचेही बिघडलेले, खालचेही. मग नियम असा करावा लागतो: आधी तळाचा पेलाभर नमुना काचेत घेऊन पाहा; दोन थर दिसले तर ते पेट्रोल गाडीत घालूच नका. आणि मुळात ते साठवू नका. कायद्यानेही पेट्रोल विनापरवाना ३० लिटरपर्यंतच ठेवता येते, डिझेलला ही मर्यादा २,५०० लिटर आहे. पेट्रोलची वाफ शून्याच्या खूप खालच्या तापमानालाही पेट घेते. साध्या मोटारीचा डिझेल पंप तिथे लावणे म्हणजे ठिणगी हातात धरणे. पेट्रोल पंपावर एकामागून एक गाड्या भरल्या जातात, म्हणून तिथला माल ताजा असतो. कॅनमध्ये चार महिने ठेवलेल्या पेट्रोलवर कितीही सफाईने नळी लावली तरी हाताचे कसब त्याला वाचवू शकत नाही.

म्हणून माझा आग्रह शेवटी नळीपेक्षा साठवणीवर येऊन ठेपतो. ज्या वाडीत, ज्या शेतावर, ज्या जेटीवर डिझेल बॅरलमध्ये ठेवावे लागते तिथे ते छपराखाली, लोखंडी घोडीवर आडवे ठेवावे. तोटी तळापेक्षा तीन-चार बोटे वर असावी, कल तोटीच्या उलट दिशेला असावा आणि मागे खालच्या अंगाला गाळ सोडायचे छोटे बूच असावे. घोडी गावातला कोणताही वेल्डर करून देईल. तसे झाले तर अर्ध्या कामांत सायफन लागणारच नाही, आणि ज्या हातसफाईवर आमच्यासारख्यांनी नाव कमावले तिलाही कुणी विचारणार नाही. मला ते सहज रुचणार नाही, हे मी लपवत नाही. तरीही सल्ला मागणाऱ्याला मी नळीच्या आधी घोडीच सांगतो. तीही न परवडणाऱ्याला मग काठी, दोन-तीन इंच अंतर आणि वेळेवर थांबलेला हात सांगतो.