रनिंग नव्हे, नोंद बघा

लंडनला नव्याने आलेल्या मराठी कुटुंबात पहिलं वर्ष सरता सरता गाडीचा विषय निघतोच. भारतातलं लायसन्स इथे राहायला आल्यापासून बाराच महिने चालतं. ते बदलून मिळत नाही, त्यामुळे थिअरी आणि ड्रायव्हिंग अशा दोन्ही परीक्षा देऊन ब्रिटिश लायसन्स घ्यावं लागतं, आणि ते हातात पडलं की सेकंडहँड गाड्यांच्या जाहिराती चाळणं सुरू होतं. तेव्हा विचारले जाणारे प्रश्न आपण घरूनच बरोबर आणलेले असतात : रनिंग किती, ओनर कितवा, ॲव्हरेज किती देते, कंपनी कोणती. माझं म्हणणं असं, की हे चारही प्रश्न इथे दुय्यम आहेत. ब्रिटनमध्ये परवडणारी आणि भरवशाची गाडी शोधायची तर आधी तिची सरकारी नोंद वाचावी, मग वर्षाचा खर्च मांडावा आणि गाडी डोळ्यांनी बघायला सगळ्यात शेवटी जावं. आपण नेमके उलटे जातो. गाडी बघतो, ती आवडते, आणि मग कागद फक्त होकार पक्का करण्यापुरते उरतात.

पुण्यात किंवा नाशकात जुनी गाडी घेताना आपण माणसावर विसंबतो. ओळखीचा गॅरेजवाला सोबत येतो, बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्र्यावरून हात फिरवून डेंटिंग-पेंटिंग कुठे झालंय ते सांगतो आणि शेवटी ‘घ्या’ किंवा ‘नको’ म्हणतो. तिथे ती पद्धत योग्यच आहे, कारण त्याला त्याच गल्लीत धंदा करायचा असतो आणि त्याचा शब्द चुकला तर गिऱ्हाईक तुटतं. हॅरो, हाउन्स्लो किंवा स्लाऊमध्ये नव्याने आलेल्या माणसाला असा गॅरेजवाला मिळायला काही वर्षं जावी लागतात. पण त्याच्या हाताशी दुसरं एक साधन असतं, ज्याची आपल्याला सवय नसते. १९६० मध्ये सुरू झालेली गाड्यांची सक्तीची तपासणी, म्हणजे एमओटी. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ती पास व्हावी लागते, आणि २००५ पासूनच्या तपासण्या सरकारी संकेतस्थळावर उघड्या आहेत. नंबरप्लेटवरचा क्रमांक टाकला की त्या गाडीचा इतिहास कुणालाही फुकट वाचता येतो.

ही नोंद नीट वाचायला शिकणं ही माझ्या मते परदेशातल्या गाडीखरेदीची निम्मी तयारी आहे. प्रत्येक तपासणीची तारीख, पास की नापास, त्या दिवशीचं मैलांचं रीडिंग आणि खाली तपासनिसाचे शेरे, एवढंच त्यात असतं. समजा, एका गाडीचं रीडिंग दरवर्षी सात-आठ हजार मैलांनी वाढत आलंय आणि मधल्या एका वर्षी ते आधीपेक्षा कमी दिसतंय. लिहिणाऱ्याची चूक असेल तर पुढच्या वर्षी आकडा मूळ चालीवर येतो; नाही आला, तर मीटरशी खेळ झालाय असंच धरून चालावं. मध्येच दोन वर्षं नोंदच नसेल तर गाडी उभी होती का, हे विचारावं, कारण उभ्या गाडीचीही बॅटरी, टायर आणि ब्रेक खराब होतात. शेऱ्यांत याहून जास्त माहिती दडलेली असते. ‘ब्रेकच्या पाइपांना गंज’ हा शेरा ओळीने तीन वर्षं दिसला, तर इशारा मिळूनही मालकाने खर्च केलेला नाही. इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात आणि ते गाडीच्या पोटाला खातं, त्यामुळे हा शेरा किरकोळ समजू नये. याउलट एका वर्षी ‘पुढचे टायर झिजले आहेत’ असा शेरा असेल आणि पुढच्या वर्षी तो नाहीसा झाला असेल, तर ती गाडी सांभाळणाऱ्याच्या हातात होती. विकणारा कसा माणूस आहे हे त्याच्याशी गप्पा मारून कळत नाही. या शेऱ्यांतून ते बरंच कळतं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो खरा आहे. एमओटी म्हणजे त्या एका दिवसाची तपासणी, आणि तीही अपुरी, कारण इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची प्रकृती तिच्यात तपासलीच जात नाही. मग खर्चाच्या मोठ्या जागा तर झाकलेल्याच राहिल्या. म्हणूनच मी नोंदीचा उपयोग गाडी निवडायला नव्हे, तर गाड्या गाळायला करावा असं म्हणतो. जाहिरातींतल्या दहापैकी सात-आठ गाड्या घरबसल्या बाद होतात. उरलेल्यांची सर्व्हिसची बिलं मागावीत, टायमिंग बेल्ट वेळेवर बदलला का ते त्यात शोधावं, गाडी बघायला जाण्याआधी ती सुरू करून ठेवू नका असं सांगावं आणि पोहोचल्यावर बॉनेटला हात लावून ते गार आहे ना याची खात्री करावी. गार इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे आवाज येतात आणि जो धूर दिसतो, ते तापलेल्या इंजिनात लपतात. मन जिच्यावर बसेल ती पैसे देऊन त्रयस्थ मेकॅनिककडून तपासून घ्यावी. ही तपासणी दहा गाड्यांसाठी परवडणार नाही, एकीसाठी सहज परवडते.

कमी रनिंगचा मोहही याच कसोटीवर घासून पाहावा. दहा वर्षांत तीसच हजार मैल चाललेली डिझेल गाडी ऐकायला उत्तम वाटते. पण डिझेलचा काजळी धरणारा फिल्टर साफ व्हायला गाडी अधूनमधून लांब आणि वेगात चालावी लागते. शाळा आणि सुपरमार्केट यांच्यामध्ये फिरणाऱ्या गाडीत तो तुंबतो आणि त्याची दुरुस्ती महाग पडते. नव्वद हजार मैल हमरस्त्यावर चाललेली, दरवर्षी सर्व्हिस झालेली छोटी पेट्रोल गाडी मला त्यापेक्षा कितीतरी पटीने पसंत आहे. टोयोटा यारिस किंवा होंडा जॅझ यांचं नाव इथे भरवशासाठी घेतलं जातं आणि ते रास्तच आहे; तरी दुर्लक्ष झालेल्या यारिसपेक्षा सांभाळलेली कमी नावाजलेली गाडी बरी. टोयोटाच्या अधिकृत डीलरकडे सर्व्हिस केली की दहा वर्षं किंवा एक लाख मैलांपर्यंत दर सर्व्हिसमागे वर्षाची वॉरंटी मिळत जाते. म्हणजे तिथेही भरवसा शेवटी सर्व्हिसच्या नोंदीशीच बांधलेला आहे.

आता खर्चाकडे. जाहिरातीतली किंमत हा त्यातला एक तुकडा आहे. २९ ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये प्रदूषणाचा युलेझ नियम लागू आहे. त्यात न बसणारी गाडी बाहेर काढली की दिवसाला साडेबारा पौंड. साधारणपणे २००६ नंतरच्या पेट्रोल गाड्या त्यात बसतात, डिझेल मात्र २०१५ च्या सप्टेंबरनंतरच्याच. स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या डिझेल गाड्यांच्या स्वस्ताईचं मोठं कारण हेच आहे. विम्यासाठी गाड्यांचे १ ते ५० असे गट पाडलेले असतात, त्यात तुमचा पोस्टकोड आणि नवं लायसन्स यांची भर पडते, आणि भारतातला नो-क्लेम बोनस इथे बहुधा मानला जात नाही. गाडी ठरवण्याआधीच तिचा क्रमांक टाकून विम्याचा आकडा काढावा. दोन गाड्यांच्या किमतीतला फरक त्यापुढे कधीकधी पुसून जातो. रोड टॅक्सचं तर असं आहे, की १ एप्रिल २०१७ आधी नोंदलेल्या गाडीवर तो कार्बनच्या उत्सर्जनानुसार लागतो आणि नंतरच्यांवर सरसकट, त्यामुळे २०१६ ची छोटी पेट्रोल गाडी २०१८ च्या तशाच गाडीपेक्षा दरवर्षी बरीच स्वस्त पडू शकते.

टायर तर स्वतः वाकून बघावेत. कायद्याने टायरची खाच किमान १.६ मिलिमीटर खोल हवी. वीस पेन्सचं नाणं खाचेत उभं घालावं. त्याची बाहेरची कड दिसत राहिली तर टायर कायद्यात बसतो की नाही याचीच शंका आहे. अशा प्रत्येक टायरमागे लायसन्सवर तीन पॉइंट आणि अडीच हजार पौंडांपर्यंत दंड होऊ शकतो. ब्रिटिश परीक्षा पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत सहा पॉइंट झाले की लायसन्स रद्द होतं आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. भारतात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही इथे या दोन वर्षांपुरता नवशिका धरला जातो. म्हणजे दोन गुळगुळीत टायर त्याचं लायसन्स घालवायला पुरेसे आहेत.

काहीजण म्हणतात, एवढी उस्तवार करण्यापेक्षा आपल्याच मंडळातल्या, परत निघालेल्या कुटुंबाची गाडी घ्यावी. विश्वास ही मोलाची गोष्ट आहे आणि अशा व्यवहारात फसवणूक क्वचितच होते. पण ते कुटुंबही ती गाडी कुणाकडून तरी घेऊनच वापरत होतं, आणि तिच्या आधीच्या आयुष्याबद्दल त्यांनाही ठाऊक नसतं. शिवाय खाजगी विक्रीत कायद्याचं संरक्षण फार कमी आहे : गाडी वर्णनाप्रमाणे असावी आणि विकणाऱ्याला ती विकण्याचा हक्क असावा, इतकंच. डीलरकडून घेतली तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने सदोष गाडी तीस दिवसांत परत करता येते, आणि बयाण्याची रक्कम क्रेडिट कार्डाने भरली असेल तर शंभर ते तीस हजार पौंडांच्या व्यवहारात कार्ड कंपनीही जबाबदार ठरते. या संरक्षणासाठी डीलरला चार पैसे जास्त द्यावे लागले तरी पहिल्या गाडीसाठी ते योग्य आहे असं मला वाटतं. काही व्यापारी मात्र हीच जबाबदारी टाळण्यासाठी घरगुती विक्रेते म्हणून जाहिरात देतात. फोनवर नुसतं ‘गाडीच्या जाहिरातीसाठी फोन केलाय’ म्हणावं, ‘कुठली गाडी?’ असं उत्तर आलं तर तो धंदाच आहे. लॉगबुकवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावर, नाव असणं म्हणजे मालकी नव्हे, हे त्या लॉगबुकवरच छापलेलं असतं, तेव्हा गाडीवर कर्ज बाकी नाही ना हे काही पौंड भरून तपासून घ्यावंच.

इथे दहा-पंधरा वर्षं काढलेल्यांना माझी एक विनंती आहे. नव्याने आलेलं कुटुंब ‘कुठली गाडी घेऊ?’ विचारतं तेव्हा आपण एखाद्या कंपनीचं नाव सांगून मोकळे होतो. त्याऐवजी त्यांनी निवडलेल्या गाडीचा क्रमांक घ्या, त्यांच्या शेजारी बसा आणि तिची एमओटीची नोंद पहिल्या वर्षापासून त्यांच्याबरोबर वाचा.