खणांची कचेरी

ठाण्यास वागळे इस्टेटीकडे अथवा घोडबंदरच्या रस्त्याने जाताना एखाद्या उत्तुंग कचेरीचे काम चालू दिसले, तर कुंपणावरील फलकावर दोन विशेषणे हटकून आढळतात : ‘हरित’ आणि ‘लवचिक’. आम्ही स्थापत्यशास्त्रज्ञ नव्हे. आमचे आयुष्य कॉलेजात साहित्य शिकविण्यात गेले. परंतु शब्द हा आमच्या व्यवसायाचा विषय असल्यामुळे, सिमेंटला लवचिक म्हणण्याचे धाडस मनुष्य कशाच्या बळावर करतो हे पाहण्याची इच्छा झाली. आणि त्यापायी आमच्या एका इंजिनिअर स्नेह्यांच्या दोन रविवारांचा आम्ही बळी घेतला.

त्यांच्याकडून कळले ते असे की, या शब्दाला दोन अर्थ आहेत. पहिला भूकंपाचा. भारतीय मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत ठाणे व कल्याण ही तिसऱ्या भूकंपक्षेत्रात धरलेली आहेत. तेव्हा धक्का बसला असता इमारतीने वाकावे, पण मोडू नये, म्हणून खांब आणि तुळई जेथे मिळतात तेथे लोखंडाची कडी दाट घालावी लागतात. हे नियमाने करावयाचेच असल्यामुळे त्याची जाहिरात करण्यात मोठेसे भूषण नाही. दुसरा अर्थ असा की, धनी बदलला, धंदा बदलला, तरी इमारत पाडावी लागू नये.

ही कल्पना विलायतेहून आली अशी पुष्कळांची समजूत दिसते. वस्तुतः आपल्याकडे घर मोजीत ते खणांनी. दोन खांबांमधील जागा तो खण. भार खांबांवर आणि तुळयांवर, मधली भिंत बहुधा आडोशापुरती. त्यामुळे ज्या सोप्यात हिशेब लिहिले जात तेथे उद्या धान्य साठविता येई, परवा पोरे शिकविता येत. कल्याणात सुभेदारवाडा म्हटले की आजच्या पिढीस सुभेदार नव्हे, शाळा आठवते. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीजांनी १७३० मध्ये बांधावयास घेतला, १७३७ मध्ये तो मराठ्यांकडे आला, १७७४ मध्ये इंग्रजांनी घेतला, आणि पुढे त्याचा तुरुंग झाला, तो आजतागायत आहे. या वास्तूची लवचिकता मान्य केलीच पाहिजे. आतील मंडळींस ती कितपत रुचते हा प्रश्न निराळा.

नव्या कचेरीतही तत्त्व तेच. लिफ्ट, जिने, शौचालये, पाण्याचे नळ व विजेच्या तारा यांचा एक गाभा मध्ये. त्याभोवती नऊ-दहा मीटरांचे खण. आणि मजल्याची उंची घरासारखी तीन मीटर न ठेवता चारच्या आसपास. हे सर्व पहिल्याच नकाशात ठरते. फलकावर ज्यांचे कौतुक असते त्या सरकत्या भिंती ही अगदी शेवटची, किरकोळ बाब. खरी अडचण रुंदीची आहे. खिडकीच्या उंचीच्या साधारण दोन-अडीच पटींपर्यंतच दिवसाचा उजेड आत शिरतो. चाळीस मीटर रुंद मजला बांधला की त्याच्या पोटात भर दुपारी दिवे लावावे लागतात, आणि अशा मजल्याची पुढे घरे किंवा इस्पितळ करणे जवळजवळ अशक्य. २०२० साली महामारीने कचेऱ्या ओस पडल्या, तेव्हा असे मजले जगभर पडून राहिले.

‘हरित’ या शब्दाचेही वर्म येथेच आहे. सिमेंटसाठी चुनखडी भाजताना जळणाचा धूर वेगळाच, पण खुद्द दगडातूनही कर्बवायू निघतो. म्हणजे पहिला दिवा लागण्यापूर्वीच इमारतीने मोठे कर्ज काढलेले असते. ते तीस वर्षांत पाडून टाकले तर गच्चीवरच्या सौरपट्ट्या किती फेडणार? महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ चे. वागळे इस्टेटीतील कारखान्यांच्या शेडी पाडून तेथे काचेचे मनोरे उभे राहिले, ते एका माणसाच्या हयातीत. त्या काचेविषयीही थोडे बोलले पाहिजे. पश्चिमेचे ऊन काचेने अडत नाही. ते अडविण्यास बाहेरून पडवी लागते, आणि ती आपल्या आजोबांच्या घरास होती. २६ जुलै २००५ रोजी उल्हास नदीचे पाणी कल्याण परिसरात शिरले होते. ते ज्याने पाहिले तो विजेचे यंत्र तळघरात कधी ठेवणार नाही; तरी ठेवणारे आहेत.

पण डोंबिवलीकराला या साऱ्यापेक्षा निकडीचा प्रश्न दुसराच आहे. आगगाडी ठाण्यास १८५३ मध्ये आली, कल्याणास १८५४ मध्ये. तेव्हापासून घरे इकडे वाढली आणि कचेऱ्या तिकडे राहिल्या. ९ जून २०२५ च्या सकाळी मुंब्र्याजवळ गर्दीने भरलेल्या गाड्यांच्या दारांतून माणसे रुळांवर पडली व काही जीवांस मुकली. आमच्या वर्गातून बाहेर पडलेली मुले रोज त्याच वेळी, त्याच मार्गाने जातात. हरित इमारतींच्या गुणांकनात स्थानक जवळ असल्याचे गुण मिळतात. त्या स्थानकावर गाडीत पाय ठेवता येतो की नाही, हे कोणी विचारीत नाही.

मग कचेऱ्या कल्याण-डोंबिवलीसच का बांधू नयेत? आमच्या स्नेह्यांचे उत्तर रोकडे होते. घर पाया खणतानाच विकता येते. कचेरीस भाडेकरूची वाट पाहावी लागते. तेव्हा आम्ही त्यांस विचारले की, खण नऊ मीटरांचे, मजला चार मीटर उंच, पण रुंदी बेताची, अशी दहा-बारा मजली इमारत स्थानकाजवळ बांधली, खाली कचेऱ्या आणि वर तूर्त बिऱ्हाडे ठेवली, आणि मागणी वाढेल तसतसा एकेक मजला मोकळा केला तर? त्यांनी कागद ओढून घेतला. पाण्याचे नळ आरंभीच जास्त घालावे लागतील, म्हणाले, आणि खर्च अमुक इतका वाढेल. परंतु खांबांना काही हरकत दिसत नाही.