वर्धेकडून पैनगंगेकडे, धावत
प्रवासाची दैनंदिनी : डिसेंबरचा भाग

बुधवार : वर्धा नदीचा पूल ते कळंब

देवळीकडून येणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर्धा नदी ओलांडतो आणि यवतमाळ जिल्हा सुरू होतो. तोच रस्ता कळंब, यवतमाळ, आर्णी, महागाव, उमरखेड करत पैनगंगेपर्यंत जातो आणि तिथे जिल्हा संपतो. दीडशे किलोमीटरच्या आसपासचं हे अंतर रिले करून धावायचं, असं चौघांनी दिवाळीतच ठरवलं होतं. एक गणिताचे शिक्षक, एक परिचारिका, एक कृषी सहायक आणि पोलीस भरतीची तयारी करणारा एक तरुण. वर्षभराच्या सरावाचा हा सर्वांत जड आठवडा. मुंबई मॅरेथॉन जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे चार आठवडे उरलेले. सरांची ती पहिली पूर्ण मॅरेथॉन आहे.

रिलेसाठी दांडी न घेता त्यांनी केशरी दुपट्टा घेतला. जपानमध्ये रस्त्यावरच्या लांब रिलेला एकिदेन म्हणतात आणि तिथे धावपटू खांद्यावरून आडवा घेतलेला पट्टा पुढच्याला देतो. पहिली एकिदेन १९१७ साली क्योतो ते टोकियो अशी झाली, अंतर पाचशे किलोमीटरच्या वर. हा इतिहास सरांनी पुलावरच सांगितला आणि दुपट्टा परिचारिका ताईंच्या खांद्यावर टाकला.

पूर्ण उजाडल्याशिवाय निघायचं नाही आणि समोरून येणारी वाहनं दिसतील अशाच बाजूने धावायचं, हे दोन नियम पक्के. पाण्याचा कॅन आणि केळी घेऊन कृषी सहायकांची मोटारसायकल पुढे. चौपदरी रस्ता सिमेंटचा असल्यामुळे नडगीवर ताण येतो. म्हणून सगळे कडेच्या मातीच्या पट्ट्यावरून धावत होते. दोन्हीकडे पऱ्हाटी फुटलेली, मधे तुरीच्या ओळी, वेचणीला निघालेल्या बायांचे घोळके.

एका पाटीपाशी म्हातारबुवांनी हटकलं, ‘काऊन पयता जी? कोनी मांग लागलं का?’ सरांनी मॅरेथॉनचं सांगितलं. म्हातारबुवा म्हणाले, ‘भरतीची पोरं पयतात थे समजते. तुमी तं नोकरीवाले दिसता.’

हा प्रश्न या दैनंदिनीत पुढेही सोबत राहणार आहे. यवतमाळ जिल्ह्यात पहाटे रस्त्यावर दिसणारी बहुतेक पोरं भरतीसाठी धावतात. मॅरेथॉनवाले थोडे आणि उशिरा आलेले.

कळंबला मुक्काम. संध्याकाळी चौघांनी चिंतामणीचं दर्शन घेतलं. गाभारा जमिनीच्या पातळीपेक्षा बराच खाली आहे. धावून जड झालेल्या मांड्यांना त्या पायऱ्या उतरताना चढण्यापेक्षा जास्त त्रास होतो. उतारावर स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, त्यामुळे दुखणं उताराचं जास्त असतं.

गुरुवार : कळंब ते यवतमाळ

अंतर अर्ध्या मॅरेथॉनच्या आगेमागे. अर्धी मॅरेथॉन २१.१ किलोमीटरची. कळंब सोडलं की रस्ता हळूहळू चढतो. यवतमाळ शहर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे आणि वर्धेचा काठ त्याच्या पुष्कळ खाली. एकदम छातीवर येणारा घाट नाही, पण चढ संपतही नाही.

मुंबईच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये पेडर रोडचा चढ परतीच्या वाटेवर येतो, तीस किलोमीटर मागे पडल्यावर, अंगातली साखर सरत आलेली असताना. त्या चढाची तयारी सर इथे करतात. त्यांची पद्धत साधी आहे : चढावर वेग सोडायचा, श्वास सोडायचा नाही. शेजारी धावणाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला, असं ते मोजतात.

भरतीची तयारी करणाऱ्या पोराला हे जमत नव्हतं. तो प्रत्येक चढावर पुढे निघून जायचा आणि वर जाऊन कमरेवर हात ठेवून थांबायचा. पोलीस भरतीच्या शारीरिक चाचणीला पन्नास गुण असतात. त्यातले वीस मुलांना १६०० मीटरचे आणि मुलींना ८०० मीटरचे. पूर्ण गुण हवे असतील तर मुलाला १६०० मीटर पाच मिनिटं दहा सेकंदांत संपवावे लागतात, म्हणजे ४०० मीटरची फेरी साडेसत्याहत्तर सेकंदांची. पोरं त्यामुळे रोज जीव तोडून १६०० मीटरच पळतात. रोज तेच अंतर, रोज पूर्ण जोर. मग नडगी दुखायला लागते आणि नेमकी भरतीच्या तोंडावर विश्रांती घ्यावी लागते.

सरांचा आग्रह आहे तो इथे. आठवड्यातलं बहुतेक धावणं संथ असेल तर हृदय दर ठोक्याला जास्त रक्त ढकलायला शिकतं, स्नायूंत केशवाहिन्या वाढतात, हाडांना भार सोसायला वेळ मिळतो. वेगाचं काम आठवड्यातून एक-दोनदा पुरतं. १६०० मीटरची शर्यतसुद्धा मुख्यतः प्राणवायूवर चालते. त्यामुळे संथ धावणं भरतीच्या पोरांनाही तितकंच लागतं.

संध्याकाळी यवतमाळला सरांच्या घरी जेवणं झाली. तिथे विषय निघाला फडेप्पा चौगुले यांचा. १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकला भारतातून गेलेल्या पहिल्या संघात बेळगावचे चौगुले होते. त्या संघामागे पुण्याचं डेक्कन जिमखाना आणि दोराबजी टाटा उभे होते. चौगुल्यांनी मॅरेथॉन २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पूर्ण केली आणि ते एकोणिसावे आले. अँटवर्पचा मार्ग ४२.७५ किलोमीटरचा, आजच्या ४२.१९५ पेक्षा अर्ध्या किलोमीटरने लांब. सदाशिव दातारही त्या शर्यतीत होते, त्यांना ती पूर्ण करता आली नाही. पोराने हे नाव पहिल्यांदा ऐकलं. त्याने लगेच वहीत दर किलोमीटरचा वेग काढला : चार मिनिटं. ‘शंभर वर्षांआधी?’ एवढंच तो म्हणाला.

शुक्रवार : यवतमाळ ते आर्णी

हा दिवस सरांचा. पहिले तीस किलोमीटर ते दुपट्टा खाली ठेवणार नव्हते, बाकीचे आळीपाळीने सोबत. सकाळची थंडी दहा-बारा अंशांची. हाच रस्ता मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपर्यंत तापतो. तेव्हा सर पहाटे साडेचारला निघत आणि सूर्य वर यायच्या आत घरी परतत. त्या सरावाचा फायदा त्या दिवसांतच मिळतो, डिसेंबरपर्यंत तो टिकत नाही. शरीर दहा-पंधरा दिवसांत उष्णतेला सरावतं : रक्तातला द्रव वाढतो, घाम लवकर सुटतो आणि त्यातून मीठ कमी जातं. जानेवारीतली मुंबई यवतमाळच्या मे महिन्याइतकी तापत नाही, पण तिथली दमट हवा घाम वाळू देत नाही.

लोणबेहळच्या अलीकडे सरांची पावलं जड झाली. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर साधारण तीस किलोमीटरपर्यंत पुरते. पुढे शरीर चरबीवर जास्त अवलंबून राहतं आणि वेग टिकत नाही. उपाय एकच, आधीपासून थोडं थोडं खात राहणं : तासाला तीस ते साठ ग्रॅम कर्बोदकं. एका केळ्यात पंचवीस ग्रॅमच्या आसपास असतात. ताईंनी सकाळीच गुळाचे खडे मोजून पुड्या बांधल्या होत्या आणि घड्याळ पाहून त्या देत होत्या. पाण्याचंही त्यांचं गणित ठरलेलं : एक लिटर पाणी, सहा चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. अतिसाराच्या पोरांसाठी गावोगाव सांगितलं जाणारं हेच द्रावण. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरतं. ते जिवावर बेतू शकतं, हे त्या प्रत्येक नव्या धावपटूला बजावतात.

सरांनी तीस पूर्ण केले. पुढचं अंतर पोरगा आणि कृषी सहायक यांनी उरकलं. अरुणावतीच्या काठी आर्णीत दुपारचं जेवण : ज्वारीची भाकरी, पिठलं, हिरव्या मिरचीचा ठेचा.

शनिवार : आर्णी ते महागाव

सर आज मोटारसायकलवर. ताई आणि कृषी सहायकांनी रस्ता वाटून घेतला. वाटेत बंजारा तांड्यातल्या बायांनी ताईंना थांबवलं. घरचं काम, ड्यूटी, वरून हे पळणं, कसं जमतं? ताईंनी त्यांना बारामतीच्या लता करे यांची गोष्ट सांगितली. नवऱ्याच्या उपचारासाठी पैसे हवे होते म्हणून साठी ओलांडलेल्या लताबाई नऊवारीत अनवाणी धावल्या आणि जिंकल्या. पुढे त्यांच्यावर सिनेमा आला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. ऑलिंपिकमध्ये बायांची मॅरेथॉन १९८४ साली सुरू झाली, पुरुषांची १८९६ सालीच होती, हेही ताईंनी सांगितलं. एका मुलीने ८०० मीटरच्या सरावाबद्दल विचारलं. भरतीसाठीच. ताईंनी रस्त्याच्या कडेला तिच्याकडून दहा मिनिटं पोटाचे आणि पिंढऱ्यांचे व्यायाम करून घेतले.

पोराची नडगी दुपारी ठणकायला लागली. दाबून पाहिल्यावर दुखणं हाडाच्या एकाच बिंदूवर नव्हतं, लांब पट्ट्यात होतं. एका बिंदूवर असतं तर हाडाला बारीक भेग पडल्याची शंका आली असती आणि ताईंनी त्याला थेट डॉक्टरकडे धाडलं असतं. तरीही उरलेला दिवस त्याला धावू दिलं नाही. तो नाराज झाला, पण ऐकलं.

रविवार : महागाव ते उमरखेड, पुढे पैनगंगा

उमरखेडपर्यंत तिघांनी अंतर वाटून घेतलं. शहरात चहा-पोहे झाले आणि शेवटचा टप्पा नडगीला आराम पडलेल्या पोराला मिळाला, या अटीवर की सरांशी बोलत बोलत धावायचं. मार्लेगावजवळच्या पुलापर्यंत तो त्यांच्या खांद्याला खांदा लावून आला. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्हा. निजामाच्या काळात हीच नदी इंग्रजांच्या ताब्यातला वऱ्हाड आणि निजामाचा मराठवाडा यांच्यातली सीमा होती.

परतताना एसटीत सरांनी पुढचे आठवडे मांडले. पहिल्या आठवड्यापासून अंतर कमी करत न्यायचं, वेगाची थोडी कामं ठेवायची, झोप वाढवायची. आर्णीच्या दिवसानंतर त्यांनी मुंबईचं लक्ष्यही बदललं. दर किलोमीटरला ६ मिनिटं ४५ सेकंद धरले की ४ तास ४५ मिनिटं होतात. तीस किलोमीटरनंतरचे पाय पाहता त्यांनी सात मिनिटं धरली, म्हणजे ४ तास ५५ मिनिटं. रेल्वेची तिकिटं धामणगावहून काढली आहेत.

पोरासाठी वेगळा तक्ता झाला : मंगळवारी ४०० मीटरच्या आठ फेऱ्या, शनिवारी पळत चढायची टेकडी, बाकीचे दिवस संथ, एक दिवस पूर्ण सुट्टी. भरतीची तारीख अजून जाहीर नाही, म्हणून तक्ता बारा आठवड्यांचा. त्याने तो दोनदा वाचला आणि विचारलं, ‘सर, भरती झाल्यावरचं काऊन नाही लिहिलं?’ सरांनी कागद परत घेतला, तेराव्या आठवड्याची ओळ आखली आणि त्यात यवतमाळ ते कळंब असं लिहिलं. ताईंनी त्यापुढे स्वतःचं नाव घातलं.

(पुढील भागात : मुंबई)