दाराशीं बसणारा

जी वस्तु रोज हाताशीं लागते ती आपल्याच घरांत आहे असें मनुष्यास वाटूं लागतें. ती कोणी दुसरीकडून आणून देत असतो, हें तो आणणारा गैरहजर राहीपर्यंत कळत नाहीं. आम्हांस तें १९९४ सालीं कळलें.

चंद्रपूरच्या एका महाविद्यालयांत आम्ही तेव्हां नवेच अध्यापक होतों. प्रयोगशाळेंतले डॉसचे संगणक एका तारेनें मुख्य संगणकास जोडलेले असून, त्यावर नॉव्हेलची नेटवेअर प्रणाली होती. डॉसला स्वतःला हें जाळें ठाऊक नव्हतें. म्हणून यंत्र सुरू होतांच चार लहान आज्ञावली ओळीनें स्मृतींत जाऊन बसत : एलएसएल, जाळ्याच्या कार्डाचा ड्रायव्हर, आयपीएक्स आणि शेवटीं नेटएक्स. हा नेटएक्स डॉसच्या दाराशीं बसे. कोणीहि फाइल मागितली कीं ती मागणी प्रथम त्याच्या हातीं येई. ए पासून ई पर्यंतचीं अक्षरें डॉसचीं. तीं तो आंत सोडी. 'एफ'ची मागणी मात्र तारेवरून मुख्य संगणकाकडे पाठवी आणि उत्तर आणून देई. मागणाऱ्यास यांतलें कांहीं कळत नसे.

परंतु या सेवकालाहि बसावयास जागा लागे, आणि डॉसच्या घरीं जागा अवघी ६४० किलोबाइट. एके सायंकाळीं एक मोठी आज्ञावली चालेना, म्हणून आम्हीं एका यंत्राच्या ऑटोएक्झेक फाइलींतून नेटएक्सची ओळ काढली, आणि ती परत घालण्यास विसरलों. दुसऱ्या दिवशीं वैनगंगेपलीकडून, गडचिरोली जिल्ह्यांतून येणारा एक विद्यार्थी नेमका त्याच यंत्रावर बसला. 'एफ' नाहींच, असें यंत्र सांगूं लागलें. त्याचें महिन्याभराचें काम तेथें होतें. आम्हीं चौकशी न करतां त्याच्या निष्काळजीपणाबद्दल चार शब्द सुनावले. मान खालीं घालून तो एवढेंच म्हणाला, "सर, काल तर होतं जी."

चूक ध्यानांत आली ती सायंकाळीं. काम मुख्य संगणकावर सुखरूप होतें. हरवला होता तो आणणारा, आणि त्याला आम्हींच घालविलें होतें. ओळ परत घातली. पण मुलगा शेवटच्या बसनें निघून गेला होता. ती रात्र त्यानें कशी काढली असेल, हा विचार आम्हांस झोंपूं देईना. दुसऱ्या दिवशीं सर्व वर्गासमक्ष आम्हीं अपराध कबूल केला.

पुढें विंडोज ९५ नें हा सेवक आपल्या पोटांतच घेतला. आमची संवय मात्र राहिली : वर्गांत कोणाचें उत्तर येत नाहीं, तेव्हां त्याच्यापाशीं तें नाहींच असें ठरविण्यापूर्वीं, मधली ओळ आम्हींच तर काढली नाहीं ना, हें एकदां पाहून घेतों.