जपून वापर

मराठी घरांत एखादी जुनी वस्तू पुढच्या पिढीच्या हाती देताना वडीलधाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेले असते : ‘जपून वापर.’ आजोबांचे घड्याळ असो, आजीचे पैठणी लुगडे असो की तांब्याचे घंगाळ असो, आज्ञा तीच. या दोन शब्दांत दोन परस्परविरोधी अपेक्षा एकत्र नांदत असतात, हे सहसा कुणाच्या ध्यानात येत नाही. जपायचे तर वस्तू फडताळात ठेवावी लागते. वापरायची तर तिची झीज सोसावी लागते. यंत्राच्या बाबतीत हा पेच अधिकच बिकट होतो. यंत्र जसेच्या तसे जपले, तरी ज्या जगासाठी ते घडवले गेले ते जग पुढे निघून गेलेले असते.

अमेरिकेतील ओहायो राज्यात, कोलंबस शहराच्या पूर्वेकडील एका लहानशा गावात राहणाऱ्या एका निवृत्त शाळामास्तरापुढे हा पेच २०१८ च्या वसंत ऋतूत उभा राहिला. त्याच्या घरी १९५७ सालची शेव्हरोले बेल एअर होती. वडिलांनी ती नवी कोरी घेतली, तेव्हा तो आठ वर्षांचा आणि त्याचा थोरला भाऊ बारा वर्षांचा होता. दोघेही ती याच गाडीवर शिकले. वडील गेल्यावर गाडी धाकट्याकडे राहिली, कारण कोठार त्याच्याकडे होते. थोरला इंडियानापोलिसजवळ स्थायिक झाला. आता त्याची दृष्टी मंदावली होती, आणि लांबचा प्रवास त्याने सोडून दिला होता. एके दिवशी तो दूरध्वनीवर सहज म्हणाला, “एकदा बाबांची गाडी घेऊन ये. बघावीशी वाटते.”

अंतर सुमारे दोनशे मैल. रस्ता म्हणजे इंटरस्टेट ७०. ज्या कायद्याने अमेरिकेत महामार्गांचे ४१,००० मैलांचे जाळे मंजूर झाले, त्यावर १९५६ च्या जूनमध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांची सही झाली. म्हणजे गाडी रस्त्यावर आली तेव्हा हे महामार्ग मुख्यतः कागदावरच होते. तिच्यातील ‘पॉवरग्लाइड’ हा स्वयंचलित गिअरबॉक्स दोनच गतींचा होता. सुटण्यासाठी एक, धावण्यासाठी दुसरी. गावातून गावाकडे जाणाऱ्या दुपदरी रस्त्यांना तो पुरेसा होता. महामार्गावर ताशी ६५ मैलांचा वेग धरला की मात्र इंजिन मिनिटाला सुमारे २,७०० फेरे घेई. एवढ्या फेऱ्यांनी ते लगेच मोडणार नव्हते. पण तासन्‌तास त्या घरघरीत बसणे म्हणजे गिरणीत बसण्यासारखे होते. शेजारच्या माणसाशी बोलायचे तर ओरडावे लागे. ओहायोत २०१३ पासून ग्रामीण भागातील महामार्गांवर ताशी ७० मैलांची मुभा आहे, आणि मालमोटारी मागून अंगावर येतात.

यावर उपाय होता, आणि त्या देशातील जुन्या गाड्यांच्या हौशी मंडळींना तो चांगलाच परिचयाचा आहे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर इंधन वाचवण्याची निकड निर्माण झाली. १९७५ मध्ये गाड्यांच्या इंधनखपतीविषयी कायदाही आला. या रेट्यातून जनरल मोटर्सने १९८० च्या दशकारंभी ‘७००-आर-४’ हा चार गतींचा स्वयंचलित गिअरबॉक्स बाजारात आणला. त्याचा चौथा गिअर ओव्हरड्राइव्हचा. एरवी गिअरबॉक्स इंजिनाचे फेरे कमी करून चाकांकडे पाठवतो किंवा जसेच्या तसे देतो. येथे उलट घडते. इंजिन सात फेरे घेते, तेव्हा चाकांकडे जाणारा दांडा दहा घेतो. गिअरबॉक्सच्या पोटात मधोमध एक सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे दातेरी कडे असते. यांपैकी कोणाला थोपवायचे आणि कोणाला फिरू द्यायचे, यावर गती ठरते. पहिल्या गिअरचे प्रमाण ३.०६, तर पॉवरग्लाइडचे १.८२. म्हणजे सुटतानाही गाडी अधिक जोमाने उचलते आणि धावताना निवांत राहते. ६५ मैलांच्या वेगाला २,७०० ऐवजी १,९०० च्या आसपास फेरे पुरतात.

धाकट्याने बेत कळवला, तेव्हा पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग थोरला म्हणाला, “मग ती बाबांची गाडी कशी राहील?”

या प्रश्नाला तयार उत्तर नव्हते. धाकट्याने स्वतःलाच काही अटी घालून घेतल्या : काहीही कापायचे नाही; काढलेला प्रत्येक भाग जपून ठेवायचा; उद्या कोणाला वाटले तर गाडी पूर्ववत करता आली पाहिजे. गावातील एका वृद्ध मेकॅनिकने काम पत्करले. जुना गिअरबॉक्स ओतीव लोखंडाचा. तो खाली उतरवताना दोघांची दमछाक झाली. नव्याचे कवच ॲल्युमिनियमचे होते. तो वर चढवला तेव्हा मात्र एक नवल दिसले. १९५७ च्या इंजिनाच्या पाठीवरील बोल्टांची छिद्रे आणि पाव शतकानंतर घडलेल्या या गिअरबॉक्सची छिद्रे तंतोतंत जुळली. कारखान्याने ती मांडणी १९५५ पासून बदललीच नव्हती.

बाकीचे इतके सहजासहजी जुळले नाही. या गाडीत गिअरबॉक्स इंजिनाशी जुळतो तेथेच दोन बाजूंनी तोललेला असे. नव्याला शेपटाकडून आधार हवा होता. त्यासाठी चासीला एक आडवी पट्टी बसवावी लागली. वेल्डिंग टाळले, तरी चार छिद्रे पाडावीच लागली. चाकांकडे जाणारा दांडा वेगळ्या लांबीचा करून घ्यावा लागला. सर्वांत नाजूक काम एका तारेचे होते. कार्बुरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत जाणारी ही तार पायाचा दाब आतल्या तेलाला कळवते. ती सैल राहिली तर तेलाचा दाब कमी पडतो, क्लच घसरतात आणि थोडक्या मैलांत जळून जातात. मेकॅनिकने ती तार जुळवण्यात पूर्ण एक दिवस घालवला, आणि धाकट्याने तो दिवस त्याच्याशेजारी दिवा धरून काढला.

आता प्रश्न उरला स्टिअरिंगखालच्या दांडीचा. जुन्या गाडीत तिच्यासमोर अक्षरांची एक लहानशी पट्टी होती : पार्क, न्यूट्रल, ड्राइव्ह, लो आणि सर्वांत शेवटी रिव्हर्स. लो आणि रिव्हर्स शेजारी ठेवण्यामागे शहाणपण होते. बर्फात चाक रुतले की दांडी या दोन टोकांत हलवून गाडीला झोके द्यायचे आणि बाहेर काढायचे. वडील दर हिवाळ्यात तसे करीत. पुढे अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी पुढची आणि मागची गती यांच्यामध्ये न्यूट्रल असणे सक्तीचे केले. नव्या गिअरबॉक्सचा क्रम त्यानुसार होता : पार्कनंतर लगेच रिव्हर्स, आणि शेवटच्या टोकाला पहिला गिअर. बाजारात नव्या क्रमाची पट्टी मिळत होती. मेकॅनिकने ती आणूनही ठेवली होती. पण धाकट्याने जुनीच पट्टी राहू दिली. वडिलांच्या नजरेखालची ती अक्षरे काढवेनात. चालवणार तर आपणच आहोत, आणि आपल्याला क्रम पाठ आहे, असे त्याने मनाशी म्हटले. आत काही बदललेले नाही, हे बसणाऱ्याला दिसावे, एवढीच त्यामागची इच्छा होती.

जूनमधल्या एका शनिवारी तो निघाला. महामार्गावर चौथा गिअर पडला, आणि इंजिनाचा आवाज एकाएकी खाली उतरला. दोनशे मैल कसे सरले ते कळले नाही.

थोरला घराच्या पायरीवर वाट पाहत होता. त्याने गाडीभोवती हळूहळू एक फेरी मारली, मागच्या पंखांवरून हात फिरवला, आणि बराच वेळ काही न बोलता तो आत जाऊन चालकाच्या जागी बसला. “अंगणापुरती,” तो म्हणाला. धाकट्याने किल्ली दिली. गॅरेजचे दार समोर दहा-बारा फुटांवर होते, आणि दाराशी थोरल्याची पत्नी कौतुकाने पाहत उभी होती. गाडी मागे घ्यायची होती. थोरल्याने पट्टीकडे पाहिलेही नसावे. बाराव्या वर्षापासून वडिलांच्या शेजारी बसून पाहिलेली ती हालचाल त्याच्या मनगटात मुरलेली होती. त्याने दांडी शेवटच्या टोकाला ओढली आणि मान वळवून मागे पाहत पाय दाबला.

गाडी पुढे झेपावली. तिच्या नव्या पहिल्या गिअरचा जोम आता त्या अंगणात कळला. पत्नी बाजूला झाली म्हणून बचावली. ब्रेक लागला तेव्हा दाराशी ठेवलेल्या दोन कुंड्या फुटल्या होत्या, आणि बंपर दारापासून वीतभर अंतरावर होता.

इंजिन बंद झाल्यावर कोणीच काही बोलले नाही. धाकटा गाडीच्या खिडकीशी येऊन उभा राहिला. क्षमा कशी मागावी हे त्याला सुचेना. थोरल्याचे हात अजून चक्रावर होते. त्याने डोळे बारीक करून पट्टीवरची अक्षरे एकेक करून वाचली, आणि दांडी कुठे आहे ते पाहिले.

“गिअरबॉक्स बदललास ते मी समजू शकतो,” तो शेवटी म्हणाला. “पट्टी का नाही बदललीस?”

दुपारी थोरल्याच्या पत्नीने पांढऱ्या चिकटपट्टीवर ठळक अक्षरांत नवा क्रम लिहिला. चिकटपट्टी मूळ पट्टीवर बसवताना तिचा हात किंचित थरथरत होता. ओळ तिरकी झाली. पण ती पुन्हा कोणी काढून लावली नाही. फुटक्या कुंड्यांतील झाडे बादलीत ठेवली गेली.

संध्याकाळी धाकटा थोरल्याला फिरवायला घेऊन गेला. महामार्गाला लागल्यावर तो कोठारात फळीवर ठेवलेल्या जुन्या गिअरबॉक्सविषयी सांगू लागला : तेल चोपडून, ताडपत्रीत गुंडाळून, वर दिनांक आणि मैलांचा आकडा लिहून तो ठेवला होता. चासीला पाडलेल्या चार छिद्रांचेही त्याने सांगितले. ती काही भरून येणार नव्हती. हे सर्व त्याला नेहमीच्या आवाजात सांगता येत होते. उत्तर आले नाही, म्हणून त्याने शेजारी पाहिले. थोरल्याला झोप लागली होती. लहानपणी रविवारी परतताना मागच्या आसनावर लागायची तशीच; तेव्हा वडील ताशी चाळीस मैलांवर जात नसत. धाकट्याने बोलणे थांबवले, आणि परतीचा फाटा आला तरी तो तसाच पुढे जात राहिला.