साखळीचे शेवटचे दुवे

माणसाच्या आशांचे प्रकार अनेक आहेत. परंतु फुटबॉलचा मोसम सरत आला असता रसिकाच्या मनात जी आशा उभी राहते, तिच्याइतकी हिशेबी आशा दुसरी नसावी. लॉटरीचे तिकीट घेणारा डोळे मिटून आशा करतो. परीक्षेला बसलेल्या मुलाचे आईबाप देवावर भार टाकून आशा करतात. साखळी स्पर्धेचा रसिक मात्र हाती पेन्सिल घेऊन आशा करतो. विजयाचे तीन गुण, बरोबरीचा एक, उरलेले सामने चार. त्यांपैकी दोन घरच्या मैदानावर, दोन परगावी. एवढ्या भांडवलावर तो रात्र रात्र जागून जो डोलारा उभारतो, तो पाहून एखाद्या सावकाराच्या मुनिमानेही तोंडात बोट घालावे.

आपल्या मराठी वृत्तपत्रांनी ‘लीग’ला ‘साखळी’ हा शब्द रूढ केला, यात मोठे औचित्य आहे. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एखादा दिवस भाग्याचा निघाला की काम भागते. साखळीत तसे नाही. इथे दुवा दुव्यात अडकलेला असतो. थंडीच्या दिवसांत निष्काळजीपणे घालवलेला एक गुण उन्हाळ्यात व्याजासह वसुलीला येतो. म्हणून मोसमाच्या अखेरीस संघाला जे स्थान मिळते, ते बक्षीस नसते. तो वर्षभराच्या वागणुकीचा दाखला असतो. आणि म्हणूनच त्या स्थानाची आशा करणे ही मला इतर आशांहून अधिक प्रौढ गोष्ट वाटत आली आहे.

आम्हां गोवेकरांच्या बाबतीत ही आशा कित्येक वर्षे ऋतूबरोबर येत असे. शिगमो आटोपलेला असावा, काजूच्या बोंडांचा वास बागाइतांतून दरवळत असावा, शिरगावच्या लईराईच्या जत्रेचे वेध लागलेले असावेत आणि त्याच सुमारास राष्ट्रीय साखळीचे अखेरचे सामने यावेत. फोंड्याच्या आमच्या घरी त्या दिवसांत भिंतीवरच्या दिनदर्शिकेचे उलटे पान गुणतक्त्यासाठी राखून ठेवलेले असे. तक्ता मांडण्याचे काम आमच्या काकांचे. सकाळी वर्तमानपत्र आले की चष्मा पुसून ते आधी निकाल वाचत आणि मग पेन्सिलीने जुने आकडे खोडून नवे लिहीत. त्यांची एक रीत मात्र जगावेगळी होती. ते तक्ता नेहमी खालून वर वाचत. ‘‘वरच्यांची काळजी सारे जग करते,’’ ते म्हणत, ‘‘खालच्याला रात्री झोप लागली असेल का, ते आधी बघावे.’’

मुंबई-पुण्याकडचे पाहुणे आले म्हणजे त्यांना या साऱ्याचा अचंबा वाटे. मराठी घर म्हणजे क्रिकेटचे घर, अशी त्यांची धारणा. पण गोव्यातल्या आमच्यासारख्या घरांत मराठी पोथ्यांच्या आणि मासिकांच्या शेजारी फुटबॉल केव्हा येऊन बसला, ते कुणाला कळलेही नाही. काकांपुरते सांगायचे तर तो ब्रह्मानंद शंखवाळकरांच्या बरोबर आला. साळगावकरचा हा गोलरक्षक भारताचा कर्णधार झाला, १९९७ साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. आणि काका जन्माचे साळगावकरचे झाले. मी मात्र धेंपोच्या बाजूचा. एकाच छपराखाली दोन निष्ठा नांदत होत्या आणि मोसमाच्या अखेरीस त्यांचे खटकेही उडत. १९९८-९९ मध्ये साळगावकरने राष्ट्रीय लीग जिंकली, हा मान मिळवणारा तो गोव्याचा पहिला क्लब. त्यानंतर काही वर्षे घरात आवाज काकांचाच चढा होता.

एकदा मी भाबडेपणाने त्यांना विचारले, की एवढी तगमग होते तर देवळात जाऊन कौल का लावत नाही? ते गंभीरपणे म्हणाले, ‘‘अरे, कौल लावायचा तो लग्नकार्याला, पावसापाण्याला. अकरा माणसांच्या पायांसाठी देवाला कोड्यात पाडू नये. समोरच्या अकरांच्याही घरी देव आहे.’’

या शेवटच्या वाक्याचे मर्म मला पुढे हळूहळू उमगत गेले. मोसमाच्या अखेरीस रसिकाच्या आशेत एक कडू थेंब मिसळतो. आपला संघ जिंकावा, एवढ्यावर भागत नाही. दुसरा कुणी तरी हरावा, अशीही इच्छा धरावी लागते. कलकत्त्याचा संघ हरावा, असे म्हणताना मन फारसे कचरत नाही. पण शेजारच्या गावचा हरावा, असे म्हणण्याची पाळी आली की जीभ अडखळते.

२००१-०२ च्या मोसमाचा अखेरचा दिवस आठवतो. चर्चिल ब्रदर्स गुणतक्त्यात अग्रभागी होते. समोर मोहन बागान, मैदान घरचे आणि विजेतेपदाला केवळ बरोबरी पुरेशी. वास्तविक आमच्या घरात चर्चिलचे कुणी नव्हते. तरीही त्या दिवशी काकांनी आणि मी, दोघांनीही आपापल्या निष्ठा खुंटीला टांगल्या होत्या. मोहन बागानने तो सामना एका गोलने जिंकला. तक्त्यावर बागानचे ४४ गुण झाले, चर्चिलचे ४२ च राहिले. काकांनी आकडे लिहिले आणि बराच वेळ पेन्सिल हातातच धरून ठेवली. बरोबरीसाठी खेळणे हे जिंकण्यासाठी खेळण्याहून अवघड असते, हे मी त्या दिवशी शिकलो. ज्याला थोडेच हवे असते, त्याचे पाय अधिक जड होतात.

आणि मग आला २००४-०५ चा मोसम. तो आठवला की अजूनही मन स्थिर राहत नाही. ५ डिसेंबर २००४ रोजी बंगळूर येथे फेडरेशन चषकाचा अंतिम सामना धेंपो आणि मोहन बागान यांच्यात झाला. धेंपोने तो दोन गोलांनी जिंकला. दोन्ही गोल ब्राझीलच्या क्रिस्तियानो ज्युनियरचे. दुसरा गोल मारताना त्याची गोलरक्षकाशी टक्कर झाली, तो मैदानावर कोसळला आणि पुन्हा उठला नाही. चषक गोव्यात आला, पण घरोघरी सुतक असल्यासारखी अवकळा होती. क्लबने त्याची दहा क्रमांकाची जर्सी कायमची बाजूला ठेवली.

त्याच मोसमातील राष्ट्रीय लीग धेंपोने जिंकली. प्रशिक्षक आर्मांदो कुलासो यांच्या त्या संघाने दर आठवड्याला एकेक दुवा जोडीत नेला. उन्हाळा चढत गेला तशी माझ्या मनातली आशा निराळीच होऊ लागली. हे विजेतेपद कुणाला तरी देणे लागत असल्यासारखे वाटे. पाठीमागे होता कोण? तर स्पोर्टिंग क्लब द गोवा, म्हणजे आमचेच शेजारी. आपल्यासाठी मागायचे म्हणजे त्यांच्यासाठी नाकारायचे! शेवटी धेंपोचे ४७ गुण झाले, स्पोर्टिंगचे ४५. गोव्याचे दोन संघ पहिल्या दोन जागांवर, आणि अंतर दोन गुणांचे. काकांनी त्या पानावर दोन्ही नावांभोवती मिळून एकच चौकट काढली. साळगावकरचा हा कट्टर अभिमानी मला म्हणाला, ‘‘तुझ्या लोकांनी शब्द पाळला.’’ कुणाला दिलेला शब्द, ते त्यांनी सांगितले नाही. सांगण्याची गरजही नव्हती.

त्यानंतरची वर्षे गोव्याच्या फुटबॉलला सुवर्णाची गेली. २००६-०७ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सात वर्षे राष्ट्रीय विजेतेपद गोव्याबाहेर गेले नाही. धेंपोने चार वेळा, चर्चिलने दोनदा आणि साळगावकरने एकदा ते मिळवले. २००७-०८ मध्ये, आय-लीगच्या पहिल्याच वर्षी, धेंपो आणि चर्चिल या दोघांचेही गुण ३६ झाले आणि विजेतेपद धेंपोकडे गेले. २०१०-११ साली साळगावकर जिंकले तेव्हा काकांनी शेजारीपाजारी पेढे वाटले. आशा करणे इतके अंगवळणी पडले होते, की ती करण्यासाठी काही लागते, याचा आम्हांला विसरच पडला.

ते काय लागते, हे कळायला २०१५ साल उजाडावे लागले. २०१४-१५ च्या मोसमाच्या अखेरीस काकांनी नेहमीप्रमाणे तक्ता खालून वाचायला सुरुवात केली. दुसरेच नाव धेंपोचे होते. सर्वांत खाली राहिलेल्या संघाला नव्याने थेट प्रवेश मिळालेला असल्याने पदावनतीतून सूट होती; त्यामुळे खालच्या श्रेणीत जाण्याचे धेंपोच्या नशिबी आले. पाच वेळा देशाचे विजेतेपद मिळवलेला संघ! तरीही मी म्हणेन, की ते दुःख सुसह्य होते. खाली गेलेल्याला वर येण्याची वाट साखळीत असतेच. २०१६ साली दुसरी श्रेणी जिंकून धेंपोने ती वाट चोखाळलीही.

असह्य झाले ते त्यापुढचे. देशाच्या फुटबॉलची नवी घडी बसवण्याचे घाटत होते. त्या आराखड्यात इंडियन सुपर लीग वर जाणार आणि आय-लीगचे स्थान दुय्यम होणार, असे दिसू लागले. जो क्लब खेळून वर येतो त्याला सर्वांत वरचे दार बंदच राहणार असेल, तर खेळावे कशासाठी? हा प्रश्न करून २०१६ साली साळगावकर, स्पोर्टिंग आणि धेंपो या तिन्ही क्लबांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. कुणाचे बरोबर, कुणाचे चूक, याची चर्चा जाणत्यांनी पुष्कळ केली आहे. मला आठवते ते आमच्या भिंतीवरचे पान. त्या वर्षी ते कोरेच राहिले. हरलेल्या संघाचा रसिक दुःखी असतो, पण त्याच्या दुःखाला निदान आकडे असतात. तक्त्यात ज्याचे नावच नाही, त्याने कशाची आशा करावी? पराभवाने आशा मरत नाही. ती मरते जागा नाहीशी झाल्याने.

या काळात एफसी गोवा या नव्या संघाने गोव्याचे नाव राखले, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. काका आरंभी त्याच्याकडे नव्या जावयाकडे पाहावे तसे पाहत. सुपर लीगमध्ये तेव्हा साखळी संपल्यावर बाद सामने होत आणि अंतिम सामना जिंकणारा विजेता ठरे, ही व्यवस्था त्यांना पटत नसे. २०१९-२० मध्ये एफसी गोवाने जमशेदपूरला ५-० असा विजय मिळवून साखळीतले पहिले स्थान निश्चित केले. त्याच बळावर २०२१ मध्ये आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत खेळणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. परंतु त्याच मोसमाच्या उपान्त्य फेरीत चेन्नईत १-४ अशी हार झाली. फातोर्ड्याला ४-२ असे जिंकूनही दोन्ही सामने मिळून ५-६ असा निकाल लागला आणि विजेतेपदाची वाट बंद झाली. मी हळहळलो. काकांनी शांतपणे पान दाखवले. ‘‘हे बघ, अठरा सामन्यांचे इथे लिहिले आहे. दोन सामन्यांनी हे पुसले जात नाही.’’ त्या दिवसापासून नवा जावई घरचा झाला.

२०२४ मध्ये धेंपो पुन्हा आय-लीगमध्ये आला. आता काकांची दृष्टी अधू झाली आहे. तक्ता मी वाचतो, पण खालूनच. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या लीगचे सामने संपले तेव्हा ४० गुणांनिशी चर्चिल ब्रदर्स सर्वांत वर होते. परंतु अपात्र खेळाडूच्या एका वादात निवाडा लांबत गेला. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधील क्रीडा लवादाने इंटर काशीला विजेता ठरवले. मैदानावर सुरू झालेला मोसम वकिलांच्या कागदांत संपला. काकांना ते सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, की पेन्सिलीने लिहितो ते याचसाठी.

एखाद्या मोसमाच्या अखेरीस मी नेमके काय मागतो, असे कुणी विचारले तर माझे उत्तर आता पूर्वीसारखे नाही. विजेतेपद मिळाले तर आनंदच आहे. पण चौथे स्थान, पाचवे स्थान, फार काय, पदावनतीच्या रेषेच्या दोन गुण वर राहणे, यांतही वर्षभराच्या कष्टांची पावती असते, हे मला कळू लागले आहे. साखळीचा शेवटचा दुवा सोन्याचाच असावा, असा हट्ट नाही. तो साखळीत असावा. तक्त्यावर आपल्या संघाचे नाव असावे, त्यापुढे चार सामने उरलेले असावेत आणि हाती एक पेन्सिल असावी. बाकीचे त्या अकरा जणांचे पाय पाहून घेतील.